लाल बटण

शाळेच्या फाटकाशी हॉर्न वाजला की वर्गातली मुलं टाळ्या पिटायला लागत. गाडी कुणाची आहे हे बघायची त्यांना गरज नसे. गॅसचा टेंपो आला तरी टाळ्या, कचऱ्याची घंटागाडी आली तरी टाळ्या. एकदा पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसापुढं मुलांनी उभं राहून स्वागतगीत सुरू केलं, आणि तो बिचारा चपला काढून, हात जोडून, गाणं संपेपर्यंत दारातच उभा राहिला.

त्या दिवशी वर्गाच्या शिक्षिका संयोगिताबाई इंगवले पोट धरून हसल्या होत्या. अलीकडं मात्र हॉर्न वाजला की त्यांची कंबर आपोआप दुखायला लागायची. आता पोरांची तोंडं पुसा, लाळेरी बदला, खुर्च्या ओळीनं लावा, जो किंचाळतो त्याला मागं बसवा आणि जो गोड हसतो त्याला पुढं आणा. हे सगळं त्यांच्या हातांना इतकं पाठ झालं होतं की डोकं दुसरीकडं असलं तरी चालायचं.

फुलेवाडी सोडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की उजव्या अंगाला ही विशेष मुलांची शाळा दिसते. पत्र्याची लांब इमारत, पुढं गुलमोहर आणि फाटकावर देणगीदारांच्या नावांची भली मोठी पाटी. कोल्हापूरचा माणूस हाताचा मोकळा. त्याला दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि दिलेलं चारचौघांनी बघितल्याशिवाय झोप लागत नाही. नातवाचा वाढदिवस आला की शाळेत जिलेबी, वडिलांचं वर्षश्राद्ध आलं की चाकाची खुर्ची. शाळेच्या मागच्या खोलीत अशा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. सगळ्या थोराड माणसांच्या मापाच्या. त्यात आठ वर्षांचं पोर बसवलं तर घसरून खाली यायचं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर तांबड्या ऑइलपेंटनं नाव, यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या स्मरणार्थ. मुलांना खरं लागायचे ते डायपर, जाड मुठीचे चमचे, गुडघ्याला बांधायचे पट्टे. ते कुणी देत नसे. डायपरवर आजोबांचं नाव कसं घालणार?

बाईंचा जन्म राधानगरीकडचा. वडील प्राथमिक शिक्षक. पोरीला खरं तर चित्रकला शिकायची होती, पण वडील म्हणाले, विशेष मुलांच्या शिक्षिकेचा कोर्स निघालाय, नोकरीची हमी आहे. पोर म्हणाली, "बरं." मग स्थळ आलं अमरसिंहांचं, एसटीच्या वर्कशॉपमधले. वडील म्हणाले, माणसं चांगली आहेत. पोर म्हणाली, "बरं." सासूबाई म्हणाल्या, पगार घरात द्यायचा. तेव्हाही "बरं." तरुणपणी या शाळेत आल्या त्या इथंच मुरल्या. शाळेत कुणाची बदली अडली, कुणाची रजा अडली, कुणाच्या वर्गातलं पोर कुणाला झेपेना, की सगळे इंगवले बाईंकडं यायचे, कारण बाई नाही म्हणत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा माणसाला लोक गुणी म्हणतात. त्या गुणाचं ओझं त्यांच्या दोन्ही खांद्यांना चांगलं ठाऊक होतं.

मुलांचा कंटाळा त्यांना कधी आला नाही, हे मात्र खरं. कंटाळा यायचा तो आभार मानण्याचा.

त्यांच्या वर्गात हुस्ना नदाफ होती. चौदा वर्षांची, काडीसारखी, डोळे मात्र घारीचे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळं हातपाय ताठ, मान डुगडुगती, आणि तोंडातून शब्द नाही. समजायचं मात्र सगळं. वर्गात कुणी खोटं बोललं की हुस्नाच्या ओठाचा एक कोपरा वर जायचा. तिचे वडील नबीलाल यांचं शहरात गाद्या-उशांचं दुकान. पोरीच्या खुर्चीसाठी त्यांनी स्वतः कापूस पिंजून तिच्या अंगाच्या मापाची गादी शिवली होती, आणि दानात आलेल्या सगळ्या खुर्च्यांपेक्षा त्या एका गादीचा तिला जास्त उपयोग होता. तिची आई शहाजादी रोज सकाळी तिला रिक्षातून आणायची, खुर्चीत नीट बसवायची आणि जाताना एकच वाक्य सांगायची.

"बाई, खाण्याकडं तेवढं बघा हां."

कारण हुस्नाला गिळता येत नसे. म्हणजे यायचं, पण तिच्या रीतीनं. मऊ कालवलेला वरणभात, हनुवटी छातीला टेकवून, चमचा बाजूनं, आणि एक घास खाली उतरेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. घाई झाली की घास चुकीच्या वाटेनं जायचा. आदल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाला एका हौशी बाईनं कौतुकानं केकचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला होता. हुस्नाला न्यूमोनिया झाला आणि पोर दवाखान्यातून परत आली ती निम्मी होऊन.

पण पाव्हण्यांची रीत अशी की नुसतं ताट वाढून त्यांचं समाधान होत नाही. पहिला घास स्वतःच्या हातानं पोराच्या तोंडात भरवायचा आणि तेवढ्यात फोटो निघायचा. वर्तमानपत्रात, मोबाईलवर सगळीकडं तोच फोटो. नको म्हणणारी मुलं हाताला झटका देत, तोंड फिरवत, पळून जात. हुस्नाला यातलं काहीच येत नव्हतं. ती नुसती बघत बसायची आणि तोंडाशी आलेला हात तोंडात जायचा.

म्हणून विजयसिंह नावाचे एक नवे देणगीदार जेव्हा शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, मला ह्यातलं काय कळत न्हाय. तुमाला काय पायजे ते तुमीच सांगा," तेव्हा बाईंना क्षणभर ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. विजयसिंहांचा शिरोलीला लोखंड ओतायचा कारखाना. माणूस आडदांड, आवाज भट्टीपुढं बोलून बोलून मोठा झालेला. आई, चिमणाबाई, गेल्या वर्षी वारल्या होत्या. त्यांच्या नावानं काहीतरी करायचं मनात होतं. बाईंनी भीत भीत सांगितलं, बोलकं यंत्र मिळतं. चार मोठी रंगीत बटणं असतात. आपण आपल्या आवाजात वाक्य भरायचं, मुलानं बटण दाबलं की यंत्र ते वाक्य बोलतं. ज्यांना वाचा नाही त्यांच्यासाठी.

"एवढंच?" विजयसिंह म्हणाले. "आन पोरांची एक ट्रीप काढू. गगनबावड्याला. आमच्या आईला घाट लई आवडायचा."

यंत्र आलं. धोंडुबाई, शाळेच्या मदतनीस मावशी, त्याला बोलका डबा म्हणायला लागल्या, आणि तेच नाव पडलं. बाईंनी त्यात चार वाक्यं भरली. निळं, पाणी पाहिजे. पिवळं, बाथरूमला जायचंय. हिरवं, दुखतंय. आणि लाल, हुस्नाची मूठ जिथं सगळ्यात सहज पडायची तिथं, एकच शब्द. नको.

बाकी तीन बटणं ती लवकर शिकली. लाल बटणाला वेळ लागला, कारण आयुष्यात कधी नको म्हटलं नव्हतं त्या पोरीला नको म्हणून काय होतं हेच माहीत नव्हतं. बाई कंगवा घेऊन जवळ जायच्या. हुस्नाला कंगव्याचा मनस्वी राग. बाई तिची मूठ उचलून लाल बटणावर ठेवायच्या. डबा म्हणायचा, नको. की लगेच कंगवा मागं. पुन्हा कंगवा, पुन्हा मूठ, पुन्हा मागं. आठवड्यामागून आठवडे हाच खेळ. बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, डबा नको म्हणाला की समोरच्यानं थांबायचं. तिथं लाड नाही, समजूत नाही, एकदाच म्हणून नाही. थांबायचं म्हणजे थांबायचं. एवढं जरी एकदा मोडलं तरी पोरीचा विश्वास उडेल.

एका सकाळी धोंडुबाई ओला टॉवेल घेऊन हुस्नाचं तोंड पुसायला गेल्या. मूठ थरथरत वर उठली आणि धपकन लाल बटणावर पडली.

"नको."

धोंडुबाई टॉवेल हातात तसाच धरून उभ्या. "आगं बया! मलाच न्हको म्हणती की!"

हुस्ना हसली. तोंडानं, खांद्यांनी, पायांच्या बोटांनी, सगळ्या अंगानं हसली. त्या दिवशी तिनं प्रार्थनेला नको म्हटलं, अंकांना नको म्हटलं, बाईंच्या गाण्यालाही नको म्हटलं. बाईंनी गाणं थांबवलं. इतक्या वर्षांत आपलं गाणं थांबवण्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

सहल दिवाळीनंतर ठरली. आदल्या दिवशी मुख्याध्यापक धैर्यशील सर वर्गात आले. माणूस वाईट नव्हता. शाळा सरकारच्या भरवशावर चालत नाही, देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हे त्यांना रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं, एवढंच. त्यांनी हुस्नाला डबा वाजवून दाखवायला सांगितलं. हुस्नानं त्यांच्याकडं बघितलं आणि लाल बटण दाबलं.

सर हसले नाहीत. "बाई, उद्या विजयसिंह दादा स्वतः येणार, फोटोवाला घेऊन. त्यांनीच दिलेलं मशीन, आणि पोर त्यांनाच नको म्हणणार?"

"सर, ते तिच्या खाण्यासाठी आहे. गेल्या वर्षी..."

"माहीत आहे मला. पण मी काय म्हणतो, एक दिवस. पाणी ठेवा, बाथरूम ठेवा, दुखतंय ठेवा. फक्त ह्या लालवर थँक्यू भरा. परवा आल्यावर परत नको करा. तुम्ही दिवसभर तिच्याजवळ असणारच की."

बाईंच्या ओठावर आलं होतं. सर, तिला बटणातला शब्द दिसत नाही, तिला जागा ठाऊक आहे. लाल जागा म्हणजे नको. तिथं दुसरं काही भरलं तर ती नको म्हणेल आणि बाहेर भलतंच येईल. हे सगळं त्यांना लख्ख कळत होतं. पण सकाळपासून त्या उभ्या होत्या, दोन मुलांना उचलून उचलून कंबर मोडली होती, अजून सहलीचा औषधांचा डबा भरायचा होता, आणि सरांशी वाद म्हणजे पुन्हा अर्धा तास. त्यांना फक्त खाली बसायचं होतं.

"बरं सर," त्या म्हणाल्या.

मुलं गेल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी लाल बटण दाबून धरलं आणि आवाज भरला. "थँक्यू दादा." पहिल्यांदा कोरडा वाटला म्हणून पुसून पुन्हा भरला, गोड करून. इतका गोड की ऐकून त्यांचा त्यांनाच राग आला.

सकाळी शहाजादीनं पोरीला बसमध्ये बसवून दिलं. हुस्नाच्या अंगात नवा हिरवा फ्रॉक, डोळ्यांत सुरमा. आयुष्यात ती पहिल्यांदाच सहलीला निघाली होती. शहाजादी खिडकीपाशी येऊन म्हणाली, "बाई, मी तुमच्या जिवावर धाडतीय."

"मी तिला सोडत नाही," बाई म्हणाल्या.

बस सुटल्यावर त्यांनी हुस्नाच्या कानाशी सांगितलं, "आज लाल नको हं हुस्नू, आज लालवर दुसरं आहे." पण बाहेरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, बैल दिसत होते, गुऱ्हाळाचा धूर दिसत होता, पुढच्या बाकावरची पोरं आरडाओरडा करत होती. हुस्ना खिडकीबाहेर बघून खिदळत होती. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ऐकलं असतं तरी काय होणार होतं? आठवड्यांची सवय एका वाक्यानं पुसत नाही, हे बाईंनीच दुसऱ्या शिक्षिकांना शिकवलेलं होतं.

गगनबावड्यात पोचेपर्यंत निम्मी बस ओकून झाली होती. वर गार वारा होता आणि दरीतून धुकं वर येत होतं. एका बागेत हिरवळीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. विजयसिंह आधीच येऊन थांबले होते, पांढऱ्या झब्ब्यात, सोबत फोटोवाला आणि बुंदीच्या लाडवांच्या टोपल्या. आईला बुंदीचा लाडू आवडायचा म्हणून घरी आचारी बसवून करून घेतलेले. मुलांना बघून त्यांचे डोळे भरून आले. हे नाटक नव्हतं. नाटक करणारी माणसं बाईंनी खूप बघितली होती.

त्या हुस्नाच्या खुर्चीला खेटून बसल्या होत्या. तेवढ्यात बसच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. आदर्श, त्यांच्याच वर्गातला थोराड मुलगा, फिट येऊन खाली पडला होता. घाटाच्या वळणांनी बहुतेक सकाळची गोळी ओकून टाकली असणार.

"धोंडुबाई, हिच्याजवळ बसा. उठू नका," असं म्हणून बाई धावल्या.

धोंडुबाई बसल्याही होत्या. पण सरांनी हाक मारली, मावशी, पत्रावळ्या मांडायला या. सरांना नाही म्हणण्याची सवय त्यांनाही नव्हती.

बाई गवतात गुडघे टेकून आदर्शला कुशीवर वळवून बसल्या. डोक्याखाली आपली शाल घातली. अशा वेळी करण्यासारखं काही नसतं. फिट ओसरेपर्यंत पोराला धरून बसायचं आणि त्याला काही लागणार नाही एवढं बघायचं. वाऱ्याबरोबर सतरंज्यांकडचे आवाज येत होते. त्यातच त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

"थँक्यू दादा."

बाईंना बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं. दादा खूश झाले असतील, सर खूश झाले असतील, संपलं एकदाचं.

"थँक्यू दादा."

आणि मग लगेच, वाक्य पुरं व्हायच्या आत, पुन्हा. "थँक्यू दा... थँक्यू दा... थँक्यू..."

असं घाईनं, बटणावर मूठ आपटत, हुस्ना एकच गोष्ट म्हणत असे. त्यांनी जिवाच्या आकांतानं हाक मारली, "धोंडुबाई! तिला बघा!" हाक दरीकडं गेली. हाताखाली आदर्शचं डोकं शालीवर आपटत होतं. त्याला सोडावं तर तिथं दगड होता. पलीकडून आवाज येतच होता. गोड, पुसून पुन्हा भरलेला, त्यांचा स्वतःचा. बसचा ड्रायव्हर पळत आला तेव्हा त्यांनी आदर्शचं डोकं त्याच्या हातात दिलं, असंच धरून ठेवा म्हणाल्या, आणि साडीच्या निऱ्या मुठीत धरून धावत सुटल्या.

विजयसिंह हुस्नासमोर गुडघ्यावर बसले होते. हातात अर्धा लाडू, डोळ्यांत पाणी. फोटोवाला वाकून फोटो घेत होता.

"बघा बाई, किती ग्वाड बोलतीया!" ते म्हणाले. "अजून पायजे म्हनतीया बघा. थांबतच न्हाय."

हुस्नाचं तोंड बुंदीनं भरलेलं होतं आणि ओठ जांभळे पडले होते. आता तिच्या घशातून आवाजही येत नव्हता. डोळे लाल बटणाकडं लागले होते आणि मूठ त्यावर पडत होती, उठत होती, पडत होती. इतक्या आठवड्यांत कधी न चुकलेलं बटण आज का ऐकत नाही, हे तिला कळत नव्हतं.

"नको!" बाईंनी विजयसिंहांचं मनगट धरून बाजूला ढकललं. हुस्नाला खुर्चीतून ओढून स्वतःच्या मांडीवर पालथं घातलं, मान खाली, आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहातानं थापा मारल्या. तोंडात बोट घालून चिकट गोळा काढला. पुन्हा थापा. मग एक कर्कश, फाटका श्वास आत गेला, आणि त्यामागून खोकला. तो खोकला ऐकून बाई गवतावरच रडायला लागल्या, मोठ्यानं, पोरीला छातीशी धरून.

सर जवळ आले. "ठसका लागला, ठसका. होतं असं, दादा, ह्या मुलांना."

"ठसका नाही," बाई म्हणाल्या. आवाज बसला होता तरी सगळ्यांना ऐकू गेला. "ती नको म्हणत होती. लाल म्हणजे नको, हे मीच तिला शिकवलंय. काल मीच त्यावर थँक्यू भरलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

विजयसिंहांनी हातातला लाडू कुठं ठेवावा हे न कळून तो झब्ब्याच्या खिशात घातला. मग मटकन गवतात बसले.

"म्हंजे पोरगी न्हको म्हनत हुती, आन मी भरवत हुतो?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता. "मला वाईट वाटलं नसतं की ओ बाई. आईला अर्धांग झाला तवा शेवटचं वरीसभर तिला एकच शब्द येत हुता. न्हको. तेवढा कळला तरी आमाला दिवस साजरा झाल्यागत वाटायचं."

सर धुक्याकडं बघत राहिले.

आदर्शची फिट तोवर ओसरली होती. विजयसिंहांनी स्वतः गाडी चालवत बाईंना आणि हुस्नाला कोल्हापूरला दवाखान्यात आणलं. वाटेत कळे गावापाशी रस्त्यात ट्रॉली आडवी आली तरी त्यांनी हॉर्न वाजवला नाही. फुप्फुसात थोडं गेलं होतं. ताप आला, सलाईन लागलं, काही दिवसांनी ताप उतरला. शहाजादी दवाखान्यात आली तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या, काय बोलायचं ते मनात रचत. शहाजादीनं रागही केला नाही. तिनं फक्त विचारलं, "बाई, तुमी हुतासा न्हवं तिथं?"

त्या रात्रीच काय, पुढं कित्येक दिवस भांडी घासताना, बसची वाट बघताना त्यांना तेवढंच ऐकू येई.

हुस्ना शाळेत परत आली त्याच्या आधीच बाईंनी लाल बटणावर नको भरला होता. सरांना विचारलं नाही, आणि सरांनीही विषय काढला नाही. बाईंनी कंगवा घेऊन जवळ नेला. हुस्नाची मूठ मांडीवरून हलली नाही. कंगवा केसांत गेला, तिनं विंचरू दिलं. धोंडुबाईंनी ओल्या टॉवेलानं तोंड पुसलं, तिनं पुसू दिलं. बाईंनी मूठ उचलून लाल बटणावर ठेवली. डबा म्हणाला, नको. बाई लगेच थांबल्या, हात मागं घेतले, पाहिलंस, थांबले की नाही, असं म्हणाल्या. हुस्नानं त्यांच्याकडं बघितलं आणि तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. खोटं बोलणाऱ्याकडं बघून जायचा तसा.

"आता किती शहाणी झालीय हो," कुणी पाव्हणे म्हणाले. "अजिबात त्रास नाही."

बाईंना ते ऐकवलं नाही. पोर शहाणी झाली नव्हती, तिनं सोडून दिलं होतं. ते कसं असतं हे बाईंना दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या रोज कंगवा न्यायच्या, रोज मूठ उचलायच्या, रोज थांबायच्या. कंबर दुखायची, घरी जाऊन पडावं वाटायचं, आणि सकाळी पुन्हा कंगवा. हे कधी संपणार की नाहीच, याचा विचार करायचंही त्यांनी बंद केलं.

मग एका दुपारी त्या हुस्नाला जेवण भरवत होत्या. मऊ वरणभात, हनुवटी छातीला, चमचा बाजूनं. शहाजादीनं सकाळी सांगितलं होतं, रात्री पोरीनं दूधसुद्धा घेतलं नाही. वाटी निम्मीच झाली होती आणि हुस्नानं ओठ मिटले. बाई दमल्या होत्या. दमलेल्या माणसाच्या तोंडून जे येतं ते आलं, जे सगळे पाव्हणे म्हणतात तेच.

"एकच घास. माझ्यासाठी."

मांडीवरची मूठ हलली. वर आली, हवेत थरथरली, बाजूला गेली, पुन्हा वर आली, आणि लाल बटणावर पडली.

"नको," बाईंचा आवाज बाईंना म्हणाला.

पलीकडं धोंडुबाई झाडू मारता मारता थांबल्या. इतक्या दिवसांत पोर पहिल्यांदा बोलली होती आणि बोलली ती बाईंनाच. पोरीच्या पोटात अजून चार घास जायला हवेत असं त्यांना वाटत होतं. ती रात्रीची उपाशी होती, हेही खरं होतं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला, वाटी उचलून लांबच्या टेबलावर ठेवली आणि रिकामे हात मांडीवर घेऊन समोर बसून राहिल्या.

वाटी परत येते का, हे हुस्ना बराच वेळ बघत होती. ती आली नाही.